कापसाचा भाव कुणी पाडला? टपरीवरच्या वादाचा कागदावरचा हिशोब

सकाळी सातला आमच्या फाट्यावरच्या टपरीवर चहा उकळायला लागला की वादही उकळतो. विषय एकच, कापूस. एक काका म्हणतात, "सरकारनं बाहेरचा कापूस आणला, म्हणून भाव पडला." दुसरा म्हणतो, "सरकारचा काय संबंध? जगातच मंदी आहे." तिसरा पोरगा मोबाईल पुढं करतो, "तुमचं बियाणंच वीस वर्षं जुनं, एकरी पाच क्विंटल काढून भाव काय मागता?" मग कोण कोणत्या पार्टीचा, हे निघतं. आवाज चढतो. चहा थंड होतो. रात्री तेच भांडण मोबाईलवर पुन्हा.

मी पण त्या वादात असतो. पाच एकर पऱ्हाटी आहे माझी, यंदा २८ क्विंटलच्या पुढं जाईल असं वाटत नाही. पण दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या एका भावासोबत जे झालं, त्यानंतर मी ठरवलं की एकदा कागद-पेन घेऊन बसायचं. तिघांपैकी कोण किती खरा, ते रुपयात काढायचं. ते इथं मांडतोय. त्या भावाचं काय झालं, तेही पुढं सांगतो.

आधी एका क्विंटलचा हिशोब

आपण भाव कापसाचा विचारतो. पण जिनिंगवाला कापूस विकत नाही, तो रुई आणि सरकी विकतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर चालतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो.

समजा रुईची खंडी ५४ हजाराला आहे. म्हणजे किलोला १५१-१५२ रुपये. ३४ किलोचे झाले ५,१५० च्या आसपास. सरकी समजा ३,५०० रुपये क्विंटल, तर ६४ किलोचे २,२४०. दोन्ही मिळून ७,४०० रुपये. यातून जिनिंगचा खर्च, गाठ बांधणं, गाडीभाडं, अडत काढा. तीन-चारशे त्यात जातात. उरले सात हजार.

म्हणजे असा बाजार असताना व्यापारी सात हजार देत असेल, तर तो फार लुटत नाही. साडेसहा हजार देत असेल, तर पाचशे रुपयांसाठी भांडायला जागा आहे. आणि गंमत बघा, या हिशोबात जवळपास तीस टक्के पैसा सरकीचा आहे. टपरीवर रुईवर रोज भांडण होतं, सरकी-ढेपेचा भाव कुणी विचारत नाही. आजचे खंडीचे आणि सरकीचे दर मोबाईलवर मिळतात. ते टाकून हा हिशोब कुणालाही करता येतो.

आयात शुल्काचा वाटा किती?

आता पहिल्या काकांचं बघू. कापसावर ११ टक्के आयात शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलं. केंद्र सरकारनं ते १९ ऑगस्ट २०२५ ला काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग २८ ऑगस्टला मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. मध्ये काय झालं? २७ ऑगस्टला अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. आपल्याकडच्या तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. गिरण्यांच्या ऑर्डरी अडकल्या, त्यांनी स्वस्त कापूस मागितला, तो त्यांना मिळाला. शुल्क निघाल्यावर सीसीआयनं स्वतःच्या गोदामातल्या गाठींचे विक्रीदरही खाली आणले. म्हणजे काकांच्या बोलण्यात तथ्य आहे. आपल्या पऱ्हाटीला पात्या-फुलं लागली होती, तेव्हा हा निर्णय झाला.

पण किती फरक पडला? बाहेरची खंडी ५० हजाराला पडते असं धरा. ११ टक्के म्हणजे साडेपाच हजार. किलोला साडेपंधरा रुपये. एका क्विंटल कापसात ३४ किलो रुई, म्हणजे सव्वापाचशे रुपये. सगळाच्या सगळा भार आपल्यावर आला असं धरलं तरी क्विंटलमागं पाचशे-सव्वापाचशे. माझ्या २८ क्विंटलवर चौदा हजार. शेतकऱ्यासाठी ही रक्कम लहान नाही, पोराची वर्षाची फी आहे ती. पण दहा हजाराचा भाव सात हजारावर आला, त्याचं सगळं कारण हे नाही.

अजून एक गोष्ट. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी शुल्क लागू होतं. तेव्हा भाव काय होता, आपल्या पट्ट्या काढून बघा. सात हजाराच्या मागं-पुढंच होता.

जगाचा बाजार

आता दुसऱ्याचं. २०२१-२२ च्या हंगामात आपण दहा हजाराच्या वर कापूस विकला. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई पाउंडाला दीड डॉलरच्या वर गेली होती. २०२५ च्या अखेरीस तीच ६५ सेंटच्या आसपास घुटमळत होती. म्हणजे निम्म्याच्याही खाली. जगात रुई निम्म्यावर आली आणि आपला भाव तिथंच राहील, असं होत नाही. कारण आपली गिरणी दोन्हीकडचा भाव बघते.

इथं दुसऱ्याचं बरोबर आहे. पण "सरकारचा काय संबंध" हे त्याचं पुढचं वाक्य चुकीचं आहे. जगाचा भाव पडतो तेव्हाच हमीभावाची गरज असते. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव होता, आदल्या वर्षीपेक्षा ५८९ जास्त. त्याच्या आदल्या हंगामात सीसीआयनं देशात सुमारे १ कोटी गाठींचा कापूस घेतला. ही खरेदी नसती तर खेडा खरेदीवाला कुठं थांबला असता, सांगता येत नाही. एका हातानं हमीभाव वाढवला आणि त्याच वर्षी दुसऱ्या हातानं आयात मोकळी केली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टपरीवर एक पार्टी पहिली सांगते, दुसरी पार्टी दुसरी.

बियाण्याचा वाद

तिसऱ्या पोराचं बोलणं आम्हा जुन्या लोकांना झोंबतं. पण आकडे त्याच्या बाजूचे आहेत. देशात रुईचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास. म्हणजे एकरी पाच-सव्वापाच क्विंटल कापूस. महाराष्ट्रात त्याहूनही कमी, कारण आपली बहुतेक पऱ्हाटी पावसाच्या पाण्यावर. ब्राझील हेक्टरी अठराशे किलोच्या वर काढतो, आणि तिथंही बराच कापूस पावसावरच आहे.

बीटी बियाणं आपल्याकडं २००२ साली आलं, दुसरी पिढी २००६ साली.  गुलाबी बोंडअळीला आता त्या बीटीचं काही वाटत नाही, हे २०१७ साली आपण सगळ्यांनी भोगलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं माणसं दगावली, तेही आपण विसरलो नाही.

मग लोक चोरबीटीकडं वळले. तणनाशक सहन करणारं हे बियाणं. त्याला मंजुरी नाही, तरी ते शेतात आहे हे सगळ्यांना माहीत आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून दाखवलं होतं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून माणूस तिकडं जातो. त्याला गुन्हेगार म्हणणं मला पटत नाही. पण पोराला एक सांगावं लागतं. चोरबीटीनं निंदण वाचतं, बोंडअळी वाचत नाही. पाकिटाचं बिल नसतं. उगवलं नाही तर तक्रार कुठं करणार?

तरी उत्पादनाचा मुद्दा मोठा आहे, आणि तोही रुपयात बघा. वेचणी सोडून एकरी २२ हजार खर्च धरा. पाच क्विंटल झाला तर क्विंटलमागं ४,४०० पडले. आठ क्विंटल झाला तर २,७५०. फरक १,६५० रुपये. वेचणीचे किलोला दहा म्हणजे क्विंटलला हजार, ते दोन्हीकडं सारखेच. म्हणजे शुल्कानं जेवढं गेलं त्याच्या तिप्पट एकरी तीन क्विंटलच्या फरकात आहे. दाट लागवड, गळफांदी काढणं, कामगंध सापळे, फरदड न ठेवणं, यातलं काही करून आठवर गेलेले शेतकरी आपल्याच तालुक्यात आहेत. सगळ्या जमिनीत ते जमत नाही, हलक्या रानात तर नाहीच. ते कबूल.

वादात राहिलेली नोंदणी

आता त्या शेजारच्या भावाचं. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागत होती. सातबाऱ्यावर यंदाच्या कपाशीची नोंद पाहिजे, म्हणजे ई-पीक पाहणी झालेली पाहिजे. आधार पाहिजे, बँक खातं जोडलेलं पाहिजे. मग स्लॉट मिळतो.

सप्टेंबरमध्ये त्याच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत आला. "ॲपवर नोंद करू नका, कर्जवसुली मागं लागते. आयात बंद झाली की भाव दहा हजार होणार." त्यावर रात्रभर वाद झाला. कुणी सरकारला शिव्या दिल्या, कुणी विरोधकांना. मीही दोन लांबलचक मेसेज टाकले, आयात शुल्कावर. "भाऊ, तो वाद सोड, आधी पीक पाहणी करून घे," एवढी एक ओळ मात्र मी टाकली नाही. माझी पाहणी झाली होती, त्याची झाली असेल असं धरून चाललो.

दिवाळीनंतर घरी पैसा पाहिजे होता. पाहणी नाही, नोंदणी नाही. दारात आलेल्या खेडा खरेदीच्या गाडीत त्यानं १२ क्विंटल कापूस ६,६०० नं घातला. तोच कापूस केंद्रावर गेला असता तर? ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर घेत नाहीत. यंदा पाऊस लांबला, माल ओला, म्हणून १० टक्के ओलावा धरा. ८,११० मधून दोन टक्के गेले, तरी ७,९४८ मिळाले असते. क्विंटलमागं १,३४८ चा फरक. बारा क्विंटलचे सोळा हजार.

तो मला एवढंच म्हणाला, "भाऊ, तू तर बातम्या लिहितो, मले काहून नाही सांगितलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मागणी कोणती करायची

आकडे पुन्हा एकत्र बघा. शुल्काचे पाचशे, उत्पादनाचे साडेसोळाशे, नोंदणीचे साडेतेराशे, आणि जगाचा बाजार या सगळ्यांवरून जातो. एकच गुन्हेगार शोधायला निघालं की बाकीचे तिघं सुटतात. म्हणून वाद करू नका असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्यानं राजकारणावर बोलायचं नाही, मग कुणी बोलायचं? पण आपण नेमकं कशावर बोलतोय, ते आधी ठरवू.

सरकारशी बोलायचं असेल तर मागणी साधी आहे. आयात शुल्क ठेवणार की काढणार, ते मे महिन्यात, पेरणीच्या आधी सांगा. तूर लावायची की कापूस, हे आम्ही तेव्हा ठरवतो. ऑगस्टमध्ये सांगून काय उपयोग? गिरणीची अडचण खरी असेल तर तिला वेगळी मदत करा, आमच्या भावातून नको. आणि तणनाशकाच्या बियाण्यावर हो की नाही, एकदाचा निर्णय द्या. मधल्या मध्ये चोरबीटीवाल्यांचं फावतंय. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचं कापूस उत्पादकता मिशन जाहीर झालं. त्यातलं आपल्या तालुक्यात काय आलं, हे पुढच्या सभेत प्रत्येक पुढाऱ्याला विचारा, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो.

आणि एकमेकांशी बोलायचं असेल तर आज तीन कामं. ॲप उघडून नोंदणीची मुदत आणि आपला स्लॉट बघा. कापूस गाडीत भरण्याआधी दोन उन्हं द्या. शेजाऱ्याची पीक पाहणी झाली का ते विचारा, विशेषतः ज्याच्या घरी मोबाईल चालवणारं पोरगं नाही त्याला.

मी परवा टपरीवर हा कागद काढून दाखवला. पहिले काका म्हणाले, "तुझा हिशोब सरकारच्या बाजूचा आहे." पोरगा म्हणाला, "नाही, विरोधकांच्या बाजूचा आहे." पण निघताना दोघांनीही त्याचा फोटो काढून घेतला. शेजारच्या भावाकडं अजून आठ-नऊ क्विंटल निघेल. उद्या सकाळी आम्ही दोघं त्याचा सातबारा घेऊन तलाठी कार्यालयात जातोय.