एमआरआयमधले कॉन्ट्रास्ट : नाव आणि मात्रा कळायला हवी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमआरआय विथ कॉन्ट्रास्ट’ असे दिसले की रुग्णाच्या घरच्यांना खर्चाची आणि इंजेक्शनच्या त्रासाची काळजी वाटते. ते इंजेक्शन करते काय, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते.

सीटी स्कॅनमधले आयोडीन स्वतः क्ष-किरण अडवते, म्हणून ते चित्रात दिसते. एमआरआयमधले गॅडोलिनियम स्वतः दिसत नाही. एमआरआयचे चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या संकेतांवर बनते. रेडिओलहरींनी ढळलेले हायड्रोजनचे अणुकेंद्र पूर्वस्थितीत यायला थोडा वेळ घेते. गॅडोलिनियम जवळ असले की हा वेळ घटतो, संकेत वाढतो आणि ‘टी-१’ प्रकारच्या चित्रात तो भाग उजळतो. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांची भिंत हे औषध बाहेर झिरपू देत नाही. कर्करोगाची किंवा क्षयाची गाठ असेल तिथे ही भिंत सैल पडते आणि नेमकी तेवढीच जागा उठून दिसते.

मग औषध जास्त दिले तर चित्र अधिक उजळ येईल का? नाही. प्रमाण फार वाढले की संकेत लवकर विझतो आणि तोच भाग काळा पडतो. मूत्राशयात साठलेल्या दाट औषधाचा थर म्हणूनच काळा दिसतो. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिमोल असते. रुग्णाचे वजन विचारतात ते यासाठी.

मोकळे गॅडोलिनियम विषारी असते. म्हणून ते दुसऱ्या रेणूत बांधून देतात आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा ताठरण्याशी त्याचा संबंध २००६ मध्ये पुढे आला. २०१७ मध्ये युरोपीय औषध नियामकाने धातू सैल धरणाऱ्या अशा काही औषधांचा वापर थांबवला. पिंजऱ्यासारख्या रचनेची औषधे धातू अधिक घट्ट धरतात.

म्हणून घाबरून कॉन्ट्रास्ट नाकारणे चूक. गाठ नजरेतून सुटण्याचा धोका मोठा आहे. पण सरसकट टोचणेही योग्य नाही. कॉन्ट्रास्ट कशासाठी हवे, हे डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांची क्रिएटिनिन तपासणी आधी व्हावी. आणि स्कॅन केंद्राने औषधाचे नाव व मात्रा प्रत्येक अहवालावर नोंदवावी. आपल्या शरीरात काय गेले, हे रुग्णाला कळलेच पाहिजे.