तपासणीची फी कोणी द्यावी?

जुनी मध्यम एसयूव्ही घेऊ पाहणारे कुटुंब मेकॅनिक, मूल्यमापक किंवा वाहनविक्रेता यांच्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते, तो म्हणजे अमुक मॉडेल घ्यावे की तमुक. आणि त्याच चौकटीत उत्तर देण्याची सवय व्यवसायाला इतकी जडली आहे की हा प्रश्न नव्या गाडीच्या शोरूममधून उचललेला असून जुन्या गाडीला तो निम्माच लागू पडतो, हे ध्यानात येत नाही. कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन क्रेटा आठ वर्षांनंतर एकमेकींपासून जितक्या दूर गेलेल्या असतात, तितके अंतर नवी क्रेटा आणि नवी डस्टर यांच्यात कधीच नव्हते. म्हणून जुन्या गाड्यांची तुलना म्हणजे मुख्यतः वापराच्या इतिहासांची तुलना होय, आणि तो इतिहास वाचण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याला मोबदला कोण देतो, यावर त्या वाचनाची किंमत ठरते.

बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे गाव आहे. जालना-मेहकर रस्त्यावरच्या या गावातील कुटुंबाची गाडी एरवी शेत, बाजार आणि शाळा या थोड्या अंतरात, काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरते. तीच गाडी दवाखान्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठते आणि सणावारी नागपूर-मुंबईकडे निघाली की याच तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत धावते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा सलग काँक्रीट रस्ता या भागाच्या वाट्याला आला, पण पांदण रस्ता होता तिथेच राहिला. एकाच यंत्राकडून या दोन टोकांची अपेक्षा करणारा खरेदीदार पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराहून वेगळा असतो, आणि बाजारात त्याच्यासमोर येणाऱ्या गाड्या मात्र पुष्कळदा एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगच्या, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथे नोंदलेल्या असतात.

मध्यम एसयूव्ही या नावाखाली बाजारात दोन भिन्न रचनांची वाहने एकत्र मोजली जातात. स्कॉर्पिओ किंवा जुनी सफारी यांच्यात लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीच्या आकाराची स्वतंत्र पोलादी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते; क्रेटा, डस्टर, एक्सयूव्ही ५००, सेल्टोस यांची बांधणी मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच चौकट अशी असते आणि भार पत्र्यानेच उचललेला असतो. हा फरक अपघातग्रस्त गाडी तपासताना सर्वांत महत्त्वाचा ठरतो. फ्रेमच्या गाडीचे दार किंवा मडगार्ड डेंटिंग-पेंटिंग करून बदलले तर मूळ चौकट सहसा शाबूत राहते. मोनोकॉकमध्ये मात्र पुढचा ॲप्रन, दोन्ही बाजूंचे पिलर किंवा दाराखालचा सिल कापून पुन्हा जोडलेला असेल, तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी पुढच्या धडकेत तो सांधा कारखान्यातल्या सांध्यासारखा वागेलच असे नाही. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग ठरावीक अंतरावरच्या गोल ठिपक्यांचे असते, गॅरेजमधले सलग व खडबडीत असते. दाराचे रबर ओढून पाहिले तर हा फरक टॉर्चच्या उजेडातही दिसतो. गाडी विकत घेणाऱ्याने रबर ओढायचे नसते असा एक संकोच ग्रामीण बाजारात अजून टिकून आहे, तो कोणी रूढ केला हे शोधणे अवघड नाही.

डिझेल गाडीच्या बाबतीत मॉडेलपेक्षा १ एप्रिल २०२० ही तारीख अधिक बोलकी आहे, कारण त्या दिवसापासून देशभर भारत स्टेज ६ ही प्रदूषण-मर्यादा लागू झाली आणि डिझेल इंजिनाच्या धुराच्या मार्गात पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे काजळीचे कण अडवून ठेवणारी आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअसला ते जाळून स्वतःला मोकळी करणारी सच्छिद्र जाळी, बसवली जाऊ लागली. हे जाळण्याचे काम, ज्याला रिजनरेशन म्हणतात, गाडी काही काळ सलग वेगात चालली तरच नीट पूर्ण होते. घर ते शेत आणि शेत ते घर एवढ्याच फेऱ्या होत राहिल्या तर ते पुनःपुन्हा अर्धवट सुटते, त्यासाठी जास्तीचे सोडलेले डिझेल न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑइल कमी झाले की संशय घेण्याची शिकवण प्रत्येक मेकॅनिकला मिळालेली असते; वाढलेल्या ऑइलकडे संशयाने पाहण्याची सवय अद्याप लागलेली नाही.

याच फिल्टरच्या खर्चाला कंटाळून तो कापून काढणारे आणि संगणकीय नियंत्रकात फेरफार करून दिवा विझवणारे कारागीर शहरांत आहेत, आणि अशा गाड्या तालुक्याच्या बाजारात येतात. त्यांची ओळख पटवण्याचा एक साधा मार्ग म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवणे, कारण निरोगी फिल्टर असलेल्या गाडीच्या नळीत काळी काजळी जवळजवळ साचत नाही. स्कॅनर उपलब्ध असेल तर काजळीचा साठा आणि शेवटच्या रिजनरेशननंतर कापलेले अंतर या नोंदी पाहाव्यात. ज्या कुटुंबाची बहुतांश फेरी दहा-बारा किलोमीटरच्या आत संपते त्याला स्टेज ६ ची डिझेल गाडी देऊ नये, पेट्रोल गाडीकडे वळवावे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे, मग विक्रेत्याच्या अंगणात डिझेलच्या चार गाड्या का उभ्या असेनात.

स्टेज ४ च्या काळातील डिझेल गाड्यांना ही अडचण नाही, आणि म्हणूनच दुसरबीडसारख्या ठिकाणी त्यांची मागणी टिकून आहे. जुलै २०१२ मध्ये आलेली रेनो डस्टर, तिचे १.५ लिटरचे इंजिन आणि २०५ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची मोकळी उंची, खराब रस्त्यासाठी अजूनही आदर्श वाटते. मात्र तिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, आणि तो बदलल्याची पावती नसेल तर बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची जोखीम किंमत ठरवतानाच धरली पाहिजे. जुलै २०१५ च्या क्रेटामध्ये १.४ आणि १.६ लिटरची डिझेल इंजिने साखळीवर चालणारी आहेत आणि तिचे सुटे भाग तुलनेने सहज मिळतात, परंतु याच लोकप्रियतेमुळे तिची जुनी किंमत फुगलेली असते. चाकणमध्ये बनलेली आणि २०११ मध्ये बाजारात आलेली एक्सयूव्ही ५०० सात जणांच्या कुटुंबाला सोयीची आहे, पण पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग तपासल्याशिवाय तिच्यावर मत देऊ नये. नाशिकच्या स्कॉर्पिओबद्दल या व्यवसायात फारसे काही सांगण्याची गरज नाही; फक्त तिच्या अनेक प्रकारांत मागची आसने समोरासमोर तोंड करून बसवलेली असतात आणि लहान मुले नेमकी तिथेच बसवली जातात, ही गोष्ट खरेदीपूर्वी बोलली जावी. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यापासून इकोस्पोर्ट स्वस्त झाली, आणि ती आकाराने मध्यम वर्गात बसत नसली तरी त्याच पैशात समोर येत असल्याने तुलनेत घ्यावीच लागते.

सुरक्षेच्या तारांकनाविषयी बाजारात जो गोंधळ आहे तो व्यवसायाने दूर करायला हवा. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१७ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या डस्टरला शून्य आणि चालकापुरती एअरबॅग असलेल्या डस्टरला तीन तारे मिळाले होते. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओलाही शून्यच मिळाला होता. म्हणजे तारा मॉडेलला नसून त्याच्या विशिष्ट प्रकाराला असतो. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची, आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांसाठी, १ जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत नेमक्या किती एअरबॅग आहेत हे प्रत्यक्ष पाहूनच लिहावे लागते. पूर्वी अपघातात उघडलेली एअरबॅग बदलण्याऐवजी झाकण चिकटवून दिव्याची वायर जोडून दिल्याचे प्रकारही आढळतात. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझतो की मुळीच लागत नाही, एवढे पाहिले तरी पहिली शंका घेता येते.

महापुरात सापडलेल्या गाड्या हा आणखी एक विषय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, आणि विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवून लिलावात काढलेली गाडी दुरुस्त होऊन दूरच्या कोरड्या जिल्ह्यात विकली जाणे अगदी शक्य असते, कारण तिथे पाण्याची शंकाच कोणाला येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ पाहणे, सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालची माती तपासणे, फ्यूज बॉक्समधील हिरवट थर शोधणे, ही सगळी कामे पंधरा मिनिटांत होतात. टायरच्या बाजूवरील चार आकडे, उदाहरणार्थ २३१९, हे तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनल्याचे सांगतात. मीटर तीस हजार दाखवत असताना टायरचा दुसरा संच बसलेला असेल तर मीटर फिरवलेले असण्याची शक्यता गृहीत धरावी. जुना, कडक झालेला टायर पांदण रस्त्यावर वर्षभर चालेल, पण उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगात तो धोक्याचा आहे, आणि समृद्धीला लागून असलेल्या तालुक्यांत हा मुद्दा किंमत कमी करण्यासाठी नव्हे, तर थेट टायर बदलून घेण्यासाठी मांडला पाहिजे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार राहतो असे ठरवले आहे. त्यामुळे कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी तीन हात फिरवण्याची पद्धत पहिल्या मालकावर उलटते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्याची तरतूद लागू झाली असून गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९ सी ने कळवल्यास मधल्या काळात विक्रेताच मालक मानला जातो. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जानेवारी २०२५ पासून खरेदी आणि विक्री यांतील फरकावर १८ टक्के कर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मोठ्या एसयूव्हीवरील एकूण कर ४५ ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीचे जुने दरपत्रक हाताशी धरून मूल्यमापन करणे चुकीचे ठरते. दिल्लीतील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविषयीच्या २०१५ आणि २०१८ च्या आदेशांनंतर तिकडून आलेल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवा क्रमांक यांचा खर्च मिळवल्यावर त्यांचा स्वस्तपणा बराचसा विरतो.

हे सर्व ज्ञान व्यवसायात आहे. प्रश्न ते कोणाच्या बाजूने वापरले जाते हा आहे. तालुक्याच्या बाजारात खरेदीदार आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो, चहापाण्यापलीकडे त्याला काही देत नाही, आणि व्यवहार जमला तर त्याच मेकॅनिकला विक्रेत्याकडून दलाली मिळते. म्हणजे गाडी नापसंत केली तर त्याचा दिवस बुडतो आणि पसंत केली तर कमाई होते. बैलबाजारात शेतकरी दात आणि खूर स्वतः पाहू शकतो म्हणून दलाल असूनही तो पूर्णपणे फसत नाही. पार्टिक्युलेट फिल्टरचे दात पाहण्याची विद्या मात्र त्याच्याकडे नाही, ती केवळ मेकॅनिककडे आहे. म्हणून तपासणीची ठरावीक फी खरेदीदाराकडून आगाऊ घ्यावी, गाडी घेतली गेली किंवा न गेली तरी ती तेवढीच असावी, विक्रेत्याकडून दलाली घेतली असल्यास ते तपासणीपत्रकावर लिहावे, आणि पत्रकावर चेसिस क्रमांक, मीटरची नोंद, ऑइलची पातळी, एअरबॅगची संख्या, टायरचे आकडे व वेल्डिंगबाबतचे मत सहीनिशी नोंदवावे, अशी सूचना करणे योग्य वाटते. गावात फी देणार कोण, हा आक्षेप अपेक्षित आहे, आणि पहिल्या हंगामात तो खराही ठरेल. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आल्यावर, लाखो रुपयांचा व्यवहार करणाऱ्या कुटुंबाला नाकारलेल्या एखाद्या गाडीचे लेखी कारण एकदा हाती पडले, की पुढच्या वेळी त्या पत्रकाची मागणी त्याच्याकडूनच येऊ लागेल, आणि ते देऊ न शकणाऱ्या गॅरेजला त्याचे उत्तर द्यावे लागेल.