सुधा आणि शेत

संस्कृतात 'सुधा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अमृत आणि दुसरा चुना. हा शब्द शिकविताना आम्ही वर्गात थोडा विनोदही करीत असू. परंतु चुना अमृत केव्हा ठरतो आणि विष केव्हा, हा धडा आम्हांस कोशाने दिला नाही. आमच्या मुरुडच्या शेताने दिला.

कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असता ४४ किलो वायुरूपाने उडून जाते व ५६ किलो कळीचा चुना हाती येतो. शेतास त्याची गरज का पडावी? आमच्याकडील धुवाधार पाऊस जांभ्याच्या तांबड्या मातीतील चुना वर्षानुवर्षे धुऊन नेतो. माती आम्ल होते आणि खत घालूनही पीक अंग धरीत नाही.

सुमारे ४० वर्षांपूर्वी वडिलांच्या पश्चात शेत आमच्याकडे आले. त्या सुमारास एका परदेशी मासिकात ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या चुना पसरण्याच्या यंत्राचे चित्र आमच्या पाहण्यात आले. मोठी पेटी, तिच्या तळाशी सरकता पट्टा आणि मागे गरगर फिरणाऱ्या दोन चकत्या. पट्टा चुना चकत्यांवर टाकतो आणि त्या तो दोन्ही अंगांस उधळतात. १९५९ सालापासून फरीदाबादेस ट्रॅक्टर तयार होत होते. मग आमचेच शेत मागे का राहावे?

ट्रॅक्टर भाड्याने आला. तसले यंत्र अर्थातच मिळाले नाही. म्हणून ट्रॉलीत चुना भरून दोन गड्यांस पाट्या घेऊन वर उभे केले. वाट करण्यासाठी दोन बांध फोडले. शिवाय एकाच फेरीत दोन कामे उरकावीत म्हणून चुना ताज्या शेणखतातच कालविला. आमचा म्हातारा गडी नाकाला फडके लावून म्हणाला, "गुरुजी, ह्या खताचा जीव उडतोय बघा." आम्ही त्यास गप्प बसविले. आम्ही मॅट्रिक आणि तो निरक्षर!

मे महिन्यातील दुपारचा वारा. निम्मा चुना शेजाऱ्याच्या सुपारीच्या वाडीत गेला. उरलेल्याने काय केले, ते श्रावणात दिसले. भात पिवळे पडले. चुना आणि ताजे शेणखत एकत्र आले म्हणजे खतातील नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. ही गोष्ट पुस्तकात होती. ती आम्ही वाचली नव्हती, आणि त्या गड्याच्या नाकाने ती ओळखली होती. आमचा पगार चालूच होता. पण त्याच्या मजुरीत भाताचा वाटा ठरलेला असे. त्या वर्षी त्याच्या घरी भात विकत आणावे लागले. तो आम्हांस एका शब्दानेही बोलला नाही, हेच आजवर सलते.

पुढे २०१५ साली जमीन आरोग्य पत्रिकेची योजना निघाली, तेव्हा आम्ही माती तपासून घेतली. वरचे वरकस आम्ल निघाले. खाडीलगतच्या खाजणाचा रोग मात्र मीठ, आणि त्यावर चुना हे औषधच नव्हे. भरतीचे पाणी अडविणारा बांध आणि मीठ धुऊन नेणारे पावसाचे गोडे पाणी, हाच तेथील उपाय. आम्ही मात्र दोन्ही जमिनींस एकच मात्रा दिली होती!

यंत्रास आम्ही दोष देत नाही. आमच्या चिमुकल्या खाचरांतून आता पॉवर टिलर फिरतो आणि बैलांचे कष्ट वाचतात. यंत्र धन्याचे ज्ञान जसे सारखे पसरते, तसेच अज्ञानही पसरते. दोष पसरणाऱ्याचा नसतो.

ज्या वाचकांची कोकणात वडिलार्जित जमीन असेल, त्यांनी काहीही घालण्यापूर्वी तिची माती तपासून घ्यावी, आणि ती कसणाऱ्यासही विचारावे. तो म्हातारा आता नाही. त्याचा मुलगा आमचा टिलर चालवितो. चुना सकाळी वारा पडलेला असताना, तोही फक्त वरकसात, हाताने पडतो. आणि त्यानंतर खत कधी टाकावयाचे, हे आम्ही त्यालाच विचारतो.