गाळा विकून गाळा घेतला, तर काय गुन्हा केला?

समजा, एका माणसाने 2010 साली बाजारपेठेत 12 लाखांना गाळा घेतला आणि भाड्याने दिला. आता जुन्या पेठेत पार्किंग नाही, गिऱ्हाईक बायपासकडे वळलंय. तो गाळा 60 लाखांना विकून बायपासवर तेवढ्याच किमतीचा दुसरा घ्यायचा, एवढाच त्याचा बेत. खिशात एक रुपया ठेवायचा नाहीये. तरी 48 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे 6 लाख सरकारला द्यायचे. सेस वेगळा, नव्या गाळ्याचं मुद्रांक शुल्क वेगळं. 60 चा गाळा घ्यायचा आणि हातात 54!

याच 60 लाखांचा त्याने फ्लॅट घेतला तर? आधीचं एकच घर असेल तर कर शून्य. 1961 च्या कायद्यातलं कलम 54एफ. घर विकून घर घेतलं तर 54, शेती विकून शेती घेतली तर 54बी. म्हणजे मालमत्तेच्या बदल्यात मालमत्ता घेणाऱ्याला सूट द्यावी, हे सरकारला मान्य आहेच. फक्त गाळेवाला नावडतीचा. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, ही रचना तशीच राहिली.

‘मग 54ईसीचे बाँड घ्या की,’ असं सीए सांगतात. घ्या ना. 50 लाखांपर्यंत सोय आहे, पण पैसे 5 वर्षं अडकतात. तोवर बायपासवरचा गाळा काय वाट बघत बसणार?

अमेरिकेत याच्यासाठी कलम 1031 आहे. भाड्याची इमारत विकली की 45 दिवसांत नवी मालमत्ता कळवायची, 180 दिवसांत व्यवहार पुरा करायचा. मधल्या काळात पैसे त्रयस्थाकडे, विकणाऱ्याने हात लावायचा नाही. कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. तिथे त्याचा गैरफायदा भरपूर घेतात, हेही खरं. बडे बिल्डर मरेपर्यंत अदलाबदल करत राहतात, आणि मालक गेला की वारसांसाठी खरेदी किंमत बाजारभावाची धरली जाते. जुना नफा हिशेबातूनच गायब!

पण ती पळवाट आपल्याकडे नाही. आपल्या कायद्यात वारसाला वडिलांचीच खरेदी किंमत लागते. त्याने विकलं की कर भरावाच लागतो. मग ‘श्रीमंतांचं फावेल’ ही ओरड कशाला? आणि भीती असेलच तर मर्यादा घाला. 54 आणि 54एफला 10 कोटींची घातलीच आहे, गाळ्याला 1 कोटीची घाला. पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायला लावा, ती योजनाही 1988 पासून आहे.

आज मात्र सरकार त्या माणसाला सांगतंय, दुकान नको, फ्लॅट घे. दुकानात दोन पोरं कामाला लागली असती. आमच्याकडे नव्या स्कीममधले निम्मे फ्लॅट कुलूप लावून पडलेत, संध्याकाळी चक्कर मारून दिवे मोजा. आमदार-खासदार पोस्ट वाचत असतील, तर बजेटच्या आधी हे एवढं विचारा.