खुरप्याबरोबर हिशेबाची वहीही द्या

कैद्यांना शेती शिकवण्याचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास येतात. ज्याने दुसऱ्याचं घर उद्ध्वस्त केलं, त्याच्यावर सरकारने खर्च का करावा? मोकळ्या रानात सोडलेला कैदी पळाला तर? आणि बाहेरचा शेतकरीच कर्जात बुडालेला असताना कैद्याला शेती शिकवून काय साधणार?

पहिल्या आक्षेपामागची पीडितांची कळकळ खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कैद्यांच्या मजुरीबाबतच्या गुजरातमधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितलं की सक्तमजुरी भोगणाऱ्यालाही कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, आणि त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी वळवण्याची तरतूद राज्यांनी कायद्याने करावी. कैदी कमावता झाला तरच या भरपाईला काही अर्थ. कोठडीत नुसता बसवून ठेवलेला माणूस पीडिताला काय देणार? शिवाय जन्मठेपेचे बहुतेक कैदीही कधीतरी सुटून गावाकडेच येतात. ते रिकाम्या हातांनी यावेत, यात पीडिताचं कोणतं हित आहे?

पळून जाण्याच्या भीतीला उत्तर सांगली जिल्ह्यातच आहे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत १९३९ साली औंध संस्थानात उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना, असा तो योग होता. शिक्षा झालेली माणसं तिथे कुटुंबासह राहून शेती करू लागली. ‘हे सिनेमात शोभतं’ म्हणणाऱ्यांनी क्रम ध्यानात घ्यावा: कैद्यांच्या अशाच शेतीवरचा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा १९५७ सालचा, वसाहत त्याच्या अठरा वर्षं आधीची. अशा खुल्या कारागृहात सरसकट कुणालाही धाडत नाहीत. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात काढलेले, वर्तणूक चांगली असलेले कैदीच निवडले जातात. पळाल्यास मिळवलेली सवलत जाते आणि शिक्षा वाढते, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. कुणीच पळत नाही, असा माझा दावा नाही. पण उंच भिंती ओलांडूनही कैदी पळालेले आहेत. तेवढ्यावरून कुणी तुरुंग मोडीत काढत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. सुटलेल्याच्या नावावर सातबारा असेलच असं नाही. असला तरी ती जमीन इतकी वर्षं भावाने कसलेली असते. त्यात दिवसभर खुरपायचं, पाणी द्यायचं आणि पिकलेली भाजी तुरुंगाच्याच मुदपाकखान्यात पोचवायची, एवढ्यालाच प्रशिक्षण म्हटलं जात असेल, तर आक्षेप घेणारे बरोबर आहेत. ती फक्त स्वस्त मजुरी झाली.

पण यातून निघतं ते शिकवण्याची पद्धत बदलायला हवी एवढंच. शिकवणंच सोडून द्यावं, हे त्यातून निघत नाही. जमीन नसलेल्यालाही पोट भरता येईल अशी कामं शेतीत आहेत. तासगावच्या द्राक्षबागांना एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चुकत नाही, आणि छाटणीचा जाणता हात मिळावा म्हणून बागायतदारांची धावपळ चालते. आटपाडीला डाळिंबाच्या बागा आहेत. कलम बांधणं, रोपवाटिका चालवणं, ठिबकच्या नळ्या अंथरून दुरुस्त करणं, या कसबांना सातबारा लागत नाही. ती शिकवावीत, परीक्षा कृषी विद्यापीठाने घ्यावी आणि प्रमाणपत्रावर तुरुंगाचा उल्लेख नसावा. नाहीतर तो कागद बागायतदाराला दाखवण्याची हिंमतच कुणी करणार नाही.

याहून मोठी गोष्ट निर्णयाची. तुरुंगात उठण्याची वेळसुद्धा दुसरं कुणीतरी ठरवतं. दहा वर्षं असं जगलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याची ठरवण्याची सवयच मोडलेली असते. म्हणून पाच-सहा जणांच्या गटाला जमिनीचा तुकडा नेमून द्यावा. काय पेरायचं, बियाण्यावर किती घालायचे, माल कोणत्या बाजारात न्यायचा, हे त्यांनी ठरवावं. आडत, हमाली, तूट यांचा हिशेब त्यांनीच लिहावा. शांतारामांच्या सिनेमातला संघर्षही अखेर भाजीबाजारातच पेटतो, कारण रास्त भावाने विकणारे कैदी व्यापाऱ्यांना खुपतात.

भाव पडून गटाला एखाद्या हंगामात तोटा झाला, तर तो धडाही अभ्यासक्रमातलाच समजावा. गुन्ह्याची जबाबदारी न्यायालय माणसावर टाकतं, कारण तो निर्णय घेऊ शकतो असं ते मानतं. हेच तत्त्व तुरुंगाच्या शेतातही लागू करा.