आधी पाळी ठरवा, मग मोटर चालू करा!

मी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेट खो खो हसली. कॉन्व्हेंटवाली मुलगी, ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने बोंब! पण आजोबांचं बोलणं इंग्रजीत सांगता येईना, म्हणून हा खटाटोप. सांभाळून घ्या.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई. भीमाकाठचं, नदीपलीकडे दौंड तालुका. आमची विहीर तीन घरांत सामाईक. आजोबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय : कोणाची पाळी किती दिवस, लाईट गेली तर पाळी बुडत नाही, पुढे सरकते, मोटर जळाली तर खर्च तिघांत. मी एकदा विचारलं, "आपलीच माणसं, लिहायचं कशाला?" ते म्हणाले, "भांडण नाही तोवरच लिहून घ्यायचं. भांडणात कोण सही करतंय?"

आता मुद्दा. गेल्या वर्षी आम्ही तिघींनी मेसचे खाडे मोजणारा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुला केला. ‘या, कोणीही सुधारा!’ एवढंच लिहिलं. कसं सुधारायचं, कोण तपासणार, किती दिवसांत, काही नाही. फर्स्ट इयरच्या एका मुलाने चूक पकडली. रविवारी मेस एकच वेळ असते, आम्ही दोन वेळा धरत होतो. त्याने दुरुस्ती पाठवली. सबमिशनच्या गडबडीत तीन आठवडे ती कोणी उघडलीच नाही. मग तीच चूक मला दिसली आणि मी ती स्वतःच्या नावाने दुरुस्त करून मोकळी झाले! तो भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, माझं काय चुकलं ते तरी सांगायचं." नंतर त्याने काहीच पाठवलं नाही.

काहीजण म्हणतात, एवढ्याशा प्रोजेक्टला नियम कशाला? मला वाटतं, छोट्यालाच जास्त हवेत, कारण तपासणारी माणसं दोन-तीनच असतात. 2020 च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये चार दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. झालं! कुठे एखादा शब्द घुसडून लोकांनी दुरुस्त्यांचा रतीब घातला. त्यात आपल्याकडचे विद्यार्थीही होते, हे कबूल करायला हवं. शेवटी आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलावा लागला : ज्या प्रोजेक्टने आधी होकार दिला, तिथलंच काम धरायचं. आता तर एआयकडून पानभर कोड मिनिटात मिळतो. लिहिणाऱ्याचं मिनिट, तपासणाऱ्याची रात्र!

लिनक्सलाही हे ठेच लागल्यावरच सुचलं. 2003 मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, की आमचा कोड लिनक्समध्ये घातलाय. मग 2004 मध्ये पद्धत आली : प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याचं नाव आणि ‘हे द्यायचा मला हक्क आहे’ अशा अर्थाची कबुली. एक ओळ, पण कोणी काय आणलं याचा माग राहतो.

म्हणून आम्हीही आता एक पान लिहिलंय, मराठीत आणि इंग्रजीत. मोठा बदल असेल तर आधी विचारा. एका वेळी एकच दुरुस्ती. एआयची मदत घेतली तर सांगा, आणि आपण पाठवलेली ओळ आपल्याला समजावून सांगता आली पाहिजे. लायसन्स कोणतं, तेही वर लिहिलंय. पण सगळ्यात महत्त्वाचे दोन नियम आमच्यावरच आहेत : सात दिवसांत उत्तर द्यायचं, ‘नाही’ असेल तर कारणासकट, आणि ज्याचं काम त्याचं नाव. येणाऱ्यालाच बांधणारे नियम म्हणजे नुसतं कुंपण. पाळी सगळ्यांनाच लागू हवी ना!

रविवारच्या दुरुस्तीवर आता त्याचं नाव लावलंय. ते पान त्याला दाखवायला परवा मी बॉईज हॉस्टेलच्या गेटपर्यंत गेले. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "ताई, तिसऱ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय."

म्हटलं, "पाठव दुरुस्ती. सात दिवसांत उत्तर देते!"