पोलादाची घडणावळ

विजयादशमीच्या दिवशी आपल्याकडे आपट्याच्या पानाला सोन्याचा मान मिळतो. पान ते पानच. परंतु देणाऱ्याच्या हाताने आणि घेणाऱ्याच्या भावनेने त्याचे मोल ठरते, आणि दुसऱ्या दिवशी ते केरात गेले तरी कोणी तक्रार करीत नाही. त्याच दिवशी सराफाच्या पेढीवर मात्र आपण निराळ्याच वृत्तीने बसलेलो असतो. तेथे भाव, वजन, कस आणि घडणावळ या चार गोष्टींवर आपला डोळा असतो, आणि घडणावळीवर घासाघीस केल्यावाचून तर आपल्यापैकी कोणी उठतच नाही. उद्या प्रसंग पडला आणि दागिना मोडावा लागला तर सोने हाती येते, घडणावळ मात्र गेली ती गेलीच, हे शहाणपण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

अलीकडे मुहूर्ताच्या खरेदीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, आणि तिच्यापुढे हे जुने शहाणपण काहीसे गोंधळून जाते. ही वस्तू म्हणजे डबी आणि धातूचा पट्टा एकजीव असलेले, उंची, स्टेनलेस स्टीलचे मनगटी घड्याळ. दुकानांत त्याला ‘स्पोर्ट्स वॉच’ म्हणतात. त्यांतील नामांकित घड्याळांची किंमत लाखांच्या हिशेबात असते, आणि त्यातले पोलाद मोडीत घातले तर चहाचे पैसेदेखील सुटतील की नाही याची शंका आहे. म्हणजे येथे धातू नाममात्र आणि घडणावळ हेच सर्वस्व! तेव्हा असे घड्याळ घ्यावयाचेच असेल तर ते घडणावळ पाहून घ्यावे, आणि घडणावळीबाहेरच्या कोणत्याही गोष्टीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पोलादाला ही किंमत आली कशी, हे पाहण्यासारखे आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने टोकियोत ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याच्या अचूकतेपुढे किल्लीच्या घड्याळांची मातब्बरी उरेना, आणि पुढील दशकभरात स्वित्झर्लंडच्या घड्याळउद्योगातील हजारो कारागिरांच्या हातचे काम गेले. अशा पडत्या काळात जू खोऱ्यातील ल ब्रासू गावच्या ओदमार पिगे या जुन्या पेढीने १९७२ साली बाझलच्या जत्रेत ‘रॉयल ओक’ मांडले. त्याचा आराखडा जेराल्ड जेन्टा यांचा. तो आपण एका रात्रीत काढला आणि पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून आपल्याला तो सुचला, असे ते सांगत असत. अष्टकोनी कडे, त्यावर आठ स्क्रू, एकोणचाळीस मिलिमीटरचा त्या काळी अवाढव्य वाटणारा व्यास, आणि डबीतूनच उगवून बकलाकडे निमुळता होत जाणारा पट्टा. किंमत तीन हजार तीनशे स्विस फ्रँक. एवढ्या पैशांत तेव्हा सोन्याचे उत्तम घड्याळ येत असे. साहजिकच पुष्कळांनी नाके मुरडली.

पण हे दाम निव्वळ मिजाशीचे नव्हते. पोलाद सोन्यासारखे मऊ नाही. त्याच्यावर धारदार कडा, आरशासारखी झळाळी आणि तिच्या शेजारीच रेशमी रेघांचा मंद पृष्ठभाग एकाच तुकड्यावर उमटविणे हे हत्यारांची आणि हातांची परीक्षा पाहणारे काम आहे. या घड्याळाचे पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात घडविण्यात आले, कारण ते पोलादापेक्षा सोपे होते! त्या आठ स्क्रूंचीही एक गंमत आहे. त्यांच्या खाचा अगदी ओळीने वर्तुळाच्या दिशेने बसलेल्या दिसतात, आणि स्क्रू आवळल्यावर अशा नेमक्या जागी कसा थांबला, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते. वस्तुतः ते षट्कोनी माथ्याचे बोल्ट असून आपापल्या खोबणीत घट्ट बसलेले असतात. ते फिरतच नाहीत, आवळण्याचे काम मागच्या बाजूने होते. कडे, मधले रबरी वायसर आणि डबी यांना ते खरोखरच एकत्र बांधून ठेवतात. आज बाजारात अशा घड्याळांच्या ज्या स्वस्त नकला मिळतात त्यांतील बहुतेकांचे स्क्रू नुसते शोभेचे असतात.

(नावाचीही एक कथा आहे. वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६५१ साली एका ओक वृक्षात लपून बचावला. त्या वृक्षाचे नाव पुढे इंग्रजी आरमाराच्या जहाजांना मिळाले आणि जहाजांवरून घड्याळाला. शमीच्या ढोलीत शस्त्रे ठेवणाऱ्या पांडवांची आठवण आज ज्यांना होईल, त्यांना ही कथा परकी वाटू नये.)

पुढे १९७५ साली जिरार्ड पेरेगोचे ‘लॉरिआटो’ आले. १९७६ साली जेन्टांचेच, जहाजाच्या खिडकीची आठवण करून देणारे, पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ आले. आणि १९७७ साली व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनचे ‘२२२’. पाटेकने तर जगातील अत्यंत महागड्या घड्याळांपैकी एक पोलादाचे आहे, अशी जाहिरातच केली होती.

आता निवडीविषयी. आपल्या परिचयाचे घड्याळ कसे असे? एचएमटीची ‘जनता’ ज्यांनी वापरली त्यांना आठवेल की पट्टा झिजला म्हणजे कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे जावे, दोन दांड्यांमध्ये बसेल तो कातडी पट्टा बसवून घ्यावा, आणि पुन्हा चार वर्षे निश्चिंत असावे. एकजीव घड्याळात ही सोय नाही. पट्ट्याची पहिली कडी डबीचाच अवयव असते, आणि तिची जागा घेणारी वस्तू बहुधा फक्त त्या एका कारखान्यात तयार होते. म्हणून येथे आधी घड्याळ आणि मग पट्टा, असा विचार चालत नाही. पट्टा हेच घड्याळ समजावे.

आणि पट्टा म्हटला की मनगट आले. कासार हात दाबून पाहिल्याशिवाय बांगडी निवडीत नाही. पण हजारो-लाखोंचे घड्याळ मात्र लोक चित्र पाहून ठरवितात! व्यासाचा आकडा पाहून तर येथे हटकून फसगत होते. पट्ट्याची पहिली कडी कितपत खाली वळते, यावर सारे अवलंबून असते. ती ताठ असेल तर चाळीस मिलिमीटरचे घड्याळही बारीक मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर डोकावते, आणि खाली पोकळी राहून दिवसभर हिंदकळत राहते. ती लगेच वळत असेल तर मोठे घड्याळही हाताला बिलगते. जाडीचेही तसेच. मूळ ‘रॉयल ओक’मधील यंत्र अवघे ३.०५ मिलिमीटर जाड होते, आणि त्या घड्याळाचा सारा डौल या पातळपणावर उभा होता. जाड यंत्रावर तोच आराखडा चढविला की ते मनगटावर ठेवलेल्या डबड्यासारखे दिसू लागते.

आपल्या हवेचा विचार तर परदेशी माहितीपत्रकांत नसतोच. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात दुपारपर्यंत मनगट फुगते, आणि सकाळी चपखल बसलेला पट्टा चारच्या सुमारास काचू लागतो. साध्या बकलाला तीन-चार भोके असतात. या घड्याळांपैकी पुष्कळांचे दोन्ही बाजूंनी मिटणारे बक्कल दिसावयास देखणे, पण त्यात सैल-घट्ट करण्याची सोय नसते. अर्धी कडी मिळते काय, बकलात किंचित सैल करण्याची योजना आहे काय, हे आवर्जून विचारावे. आणि घड्याळ शक्यतो दुपारी, पायी थोडे चालून आल्यावर हातात घालून पाहावे. करंगळीचे टोक पट्ट्याखाली सहज गेले पाहिजे.

घडणावळ पाहण्यासाठी भिंग लागत नाही, तर्जनी पुरते. पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून ती फिरवावी. ज्या बाजूला गिऱ्हाइकाची नजर जात नाही तेथेच कारागिराची नियत कळते, हे सोनाराच्या बाबतीत जितके खरे तितकेच येथेही. कडा धारदार दिसाव्यात, पण बोटाला बोचू नयेत. मनगटावरची लव कड्यांत अडकू नये. मग घड्याळ उजेडात तिरपे धरून पाहावे : मंद रेघा एका कडीवरून दुसरीवर सरळ जातात काय, झळाळीची पट्टी सर्वत्र सारख्याच रुंदीची आहे काय, दोन्हींच्या मधली सीमा रेखल्यासारखी आहे की पुसट? कड्या भरीव आहेत की पत्र्याच्या दुमडलेल्या? त्या जोडण्यास स्क्रू आहेत की ठोकून बसविलेल्या पिना? पट्टा आडवा धरला असता तो नव्यानेच लोंबकळू लागला तर पुढे काय होईल याची कल्पना करावी.

ही सारी परीक्षा ज्याची ऐपत हजारांची आहे त्यानेही करावी, कारण या घड्याळांचे घराणे आता बरेच विस्तारले आहे. टिसोने १९७८ सालचे आपले ‘पीआरएक्स’ २०२१ साली पुन्हा काढले. ते क्वार्ट्झ यंत्राचेही मिळते, आणि एकदा पुरती किल्ली बसली की ऐंशी तास चालणाऱ्या स्वयंचलित यंत्राचेही; शिवाय पस्तीस आणि चाळीस अशी मापे असल्याने बारीक मनगटाच्या माणसाला निवडीस वाव आहे. सेलवर चालणारे ते हलके, ही समजूतही टाकून द्यावी. वर उल्लेखिलेले मूळ ‘लॉरिआटो’ क्वार्ट्झचेच होते. पट्टा बदलण्याची हौस ज्यांना आवरत नाही त्यांनी व्हॅशरॉनचे २०१६ नंतरचे ‘ओव्हरसीज’ पाहावे. त्यात पोलादी पट्टा हातानेच काढून कातडी वा रबरी बसविता येतो. ही खरी कारागिरी, असे आम्ही समजतो. अर्थात किंमत पेलवणाऱ्यांसाठी!

आता एका अप्रिय विषयाला हात घालणे प्राप्त आहे. ‘सोन्यापेक्षा घड्याळात पैसा वाढतो’ असे सांगणारे सल्लागार हल्ली पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या पोतडीत एक उदाहरण हमखास असते. पाटेकने ‘नॉटिलस’चा ५७११ हा प्रकार बंद करण्याचे २०२१ साली जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात टिफनीचे नाव असलेली निळसर तबकडीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात पासष्ट लाख डॉलरांवर गेली. हे खरे आहे. परंतु २०२२ सालच्या उन्हाळ्यानंतर याच घड्याळांचे दुय्यम बाजारातील चढे भाव घसरले, हेही तितकेच खरे आहे, आणि तो भाग सांगितला जात नाही. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. तो गावोगावच्या पेढीवर मिळतो. घड्याळाला असा भाव नाही. ते ज्याला हवे तो सापडेपर्यंत थांबावे लागते, आणि गरज असलेल्याला थांबणे परवडत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी वा दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचे घड्याळ घेऊन ते ‘ठेव’ म्हणून कपाटात ठेवणारा गृहस्थ घड्याळ वापरण्याच्या सुखालाही मुकतो आणि ठेवीच्या निश्चिंतीलाही.

छापील किमतीवर जादा घेऊन विकणे, किंवा हवे ते घड्याळ मिळण्यासाठी आधी नको असलेली दोन घ्यावयास लावणे, या चालीही या धंद्यात रुजल्या आहेत. गिऱ्हाइकाने याचकासारखे उभे राहावे आणि तो आपला बहुमान समजावा, हे आम्हांस तरी विपरीत वाटते. त्या जादा रकमेतून पट्ट्याची एकही कडी अधिक चांगली घासली जात नाही; ती कारागिराच्या हाती पडत नाही. मुहूर्त टळेल, अशी घाई तर मुळीच नको. युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या देशांशी, म्हणजे त्यांत स्वित्झर्लंडशीही, भारताने केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून त्यान्वये स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरावयाचे आहे. पुढल्या वर्षीही दसरा येणारच आहे.

घेतल्यानंतरच्या दोन गोष्टी. पोलादावर चरे पडतात, आणि झळाळीच्या पट्टीवर ते पहिल्याच आठवड्यात दिसतात. दिवाळीच्या साफसफाईत चांदीची भांडी उजळावयास द्यावीत तसे हे घड्याळ देऊ नये. प्रत्येक पॉलिशगणिक धातू झिजतो, कडा गोल होतात, आणि ज्या घडणावळीसाठी पैसे मोजले ती हळूहळू पुसली जाते. चरे राहू द्यावेत. पाण्याचेही भान ठेवावे. ‘स्पोर्ट्स’ म्हटले तरी काही घड्याळे जेमतेम पन्नास मीटरच्या दाबाचीच असतात, आणि रबरी वायसर कालांतराने कडक होतो.

दुसरी गोष्ट पट्ट्यातून काढलेल्या कड्यांची. माप जुळविताना दुकानदार दोन-चार कड्या काढतो, आणि त्या टेबलावर राहून जातात. त्या मोजून, पावतीसह, एका पुडीत मागून घ्याव्यात. जुने घड्याळ विकत घेतानाही त्या आहेत काय हे आधी पाहावे. वीस वर्षांनी तोच नमुना कारखान्यात मिळेलच असे नाही, आणि घड्याळ ज्याच्या हाती जावयाचे त्या मुलाचे मनगट बापापेक्षा रुंद असू शकते.